टॉर्क पाना, मोटारसायकलीच्या देखभालीतील

टॉर्क पाना : नट किंवा बोल्ट आवळताना त्यावर पडणारे परिबल मोजणाऱ्या, अथवा ते ठरावीक मर्यादेस पोहोचताच खूण देणाऱ्या हत्याराला टॉर्क पाना म्हणतात. साध्या पान्यानेही नट आवळता येतो. परंतु तो किती आवळला गेला, हे आवळणाऱ्याच्या हाताच्या अंदाजावरच अवलंबून राहते. टॉर्क पान्यामुळे हा अंदाज आकड्यात मांडता येतो व एकाचा अनुभव दुसऱ्याला कागदावर लिहून देता येतो. शहरी पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी प्रथम योजण्यात आलेले हे हत्यार मोटारगाड्या व विमाने यांच्या एंजिनांमार्गे दुचाकीच्या दुरुस्तीत आले. आपल्या मोटारसायकलीची किरकोळ देखभाल घरीच करणाऱ्याने कोणता टॉर्क पाना निवडावा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या या इतिहासातच आहे.

तत्त्व : प्रेरणा आणि तिचे फिरण्याच्या केंद्रापासूनचे लंबांतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल होय. नट फिरविणाऱ्या परिबलाला प्रचारात टॉर्क म्हणतात. केंद्रापासून २५ सेंमी. अंतरावर ४ किग्रॅ. भाराइतकी प्रेरणा लावली, तर १ किग्रॅ.-मीटर परिबल मिळते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत परिबल न्यूटन-मीटरमध्ये सांगतात (पुढे : न्यू. मी.). १ किग्रॅ.-मीटर म्हणजे सु. ९·८ न्यू. मी. आणि ब्रिटिश पद्धतीतील १ पौंड-फूट म्हणजे सु. १·३६ न्यू. मी. होय.

बोल्ट आवळण्याचा खरा हेतू परिबल लावणे हा नसून बोल्टात ताण उत्पन्न करणे हा असतो. आवळलेला बोल्ट अत्यल्प प्रमाणात लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगेप्रमाणे दोन भागांना एकत्र दाबून धरतो. हा पूर्वताण कमी पडला, तर कंपनांमुळे नट सैल होतो, सांध्यातून तेल झिरपते किंवा बोल्ट वारंवार लवून थकव्याने तुटतो. तो जास्त झाला, तर बोल्ट कायमचा लांबतो किंवा ज्या भागात तो बसविलेला असतो त्याचे आटे उपटून येतात. लावलेल्या परिबलापैकी सु. ५०% नटाच्या अथवा बोल्टाच्या डोक्याखालील घर्षणात आणि सु. ४०% आट्यांमधील घर्षणात खर्च होते. ताण निर्माण करण्याच्या कामी जेमतेम १०% येते. त्यामुळे घर्षणात थोडा जरी फरक पडला, तरी ताणात मोठा फरक पडतो.

इतिहास : पान्याची लांबी हीच आवळण्याची पहिली मर्यादा होती. लहान बोल्टासाठी आखूड आणि मोठ्या बोल्टासाठी लांब पाना ही पद्धत आजही रूढ आहे. सर्वसाधारण माणसाने पाना ओढला असता त्या मापाच्या बोल्टाला साधारण पुरेल इतकेच परिबल मिळावे, असे तीमागील धोरण होय. जोझेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले व त्यापुढे बोल्ट आणि पाने यांची मापे ठराविक होत गेली. बाष्प एंजिने, रेल्वेचे रूळ, कापडगिरण्यांची यंत्रे या सर्वांची जुळणी कारागिराच्या हातावर झाली. बीड व पोलाद यांचे भाग जाड असत आणि थोडा कमी-अधिक जोर त्यांना सोसत असे.

जेथे हा जोर सोसेनासा झाला, तेथे मोजमापाची गरज निर्माण झाली. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनराड बार यांनी १९१८ मध्ये पाण्याच्या व वाफेच्या मोठ्या नळांच्या सांध्यांसाठी परिबल मर्यादित करणारा पाना योजल्याचे सांगण्यात येते. सांध्याच्या कड्यावरील काही बोल्ट अधिक व काही कमी आवळले गेल्यास कडे तडकते किंवा सांधा गळतो, ही अडचण त्यांच्यापुढे होती. त्यांच्या सुधारित पान्याला १९३७ मध्ये अमेरिकेत एकस्व मिळाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील काही वर्षांत अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने मोटारगाडीच्या एंजिनासाठी दांडीच्या वाकण्यावर आधारलेला पाना विकसित केला. तो तयार करण्याचा परवाना पॉल स्टर्टव्हंट यांनी मिळविला आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस असे पाने बाजारात विक्रीस आले. दांडीवर टाकलेला भार व तिचे वाकणे सम प्रमाणात असतात, हा रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियमच या पान्याचा आधार होय.

दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या एंजिनांमुळे या हत्याराचा प्रसार झपाट्याने झाला. ब्रिटनमधील बॅनबरी येथे १९४२ मध्ये सुरू झालेल्या नॉरबार या कंपनीचा आरंभ रोल्स-रॉइसच्या मर्लिन एंजिनासाठी लागणाऱ्या टॉर्क पान्यांच्या निर्मितीतून झाला. युद्धानंतर मोटारगाड्यांच्या सेवापुस्तिकांत प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टापुढे परिबलाचा आकडा छापण्याची प्रथा पडली. हातांनी वापरावयाच्या टॉर्क पान्यांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक असून २००३ व २०१७ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आल्या.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी : यंत्राचा नट आवळणारा कारागीर मराठवाड्यात मोटारसायकलीबरोबर आला नाही, तो तिच्या बराच आधीपासून येथे होता. बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. लातूरच्या पश्चिमेस असलेले मुरुड हे त्या मार्गावरील एक स्थानक होते. तेव्हा हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. सरकी काढण्याचे कारखाने, तेलाच्या गिरण्या व त्यानंतर विहिरीवरील डीझेल एंजिने यांच्या दुरुस्तीतून येथील मिस्त्री तयार झाला. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झाली आणि पाणी उपसण्याचे एंजिन महाराष्ट्रभर शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. या एंजिनाचे भाग बिडाचे व जाड, नट मोठे आणि आटे भरड असत. ‘चांगला आवळ’ एवढी सूचना तेथे पुरेशी होती. शिकाऊ मुलाला उस्ताद नटावर हात ठेवून ‘आता बस’ असे सांगत असे, आणि त्या एका शब्दात वर्षानुवर्षांचा अनुभव सामावलेला असे.

स्वातंत्र्योत्तर काळातील मोटारसायकलीही या हाताला बऱ्याच अंशी मानवणाऱ्या होत्या. मद्रास येथे १९५५ पासून एन्फील्ड इंडियाची बुलेट, म्हैसूर येथे १९६० च्या दशकाच्या आरंभापासून जावा आणि त्याच सुमारास एस्कॉर्ट्सची राजदूत यांचे उत्पादन भारतात सुरू झाले. या गाड्यांच्या एंजिनाच्या खोक्यातही ॲल्युमिनियमची मिश्रधातू वापरलेली असे. परंतु त्यांचे सिलिंडर बिडाचे, भिंती जाड व स्क्रू तुलनेने थोडे असत. जुन्या बुलेटवर ब्रिटिश मापांचे आटे असल्याने तिच्यासाठी पान्यांचा वेगळा संच ठेवावा लागे. बुलेट, जावा किंवा राजदूत उघडून पुन्हा बसविणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी आढळत असे आणि त्याच्याकडे टॉर्क पाना नाही, याचे कोणाला नवल वाटत नसे.

१९८० च्या दशकात ही स्थिती पालटली. जपानी कंपन्यांच्या सहकार्याने इंड-सुझुकी (१९८४), हीरो होंडा सीडी १०० (१९८५), यामाहा आरएक्स १०० (१९८५) व कावासाकी बजाज केबी १०० (१९८६) या हलक्या मोटारसायकली बाजारात आल्या. मराठवाड्यात औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर जाणाऱ्या या गाड्यांनी शेतकरी, शिक्षक, दूधवाले व छोटे व्यापारी यांना पहिले स्वयंचलित वाहन मिळवून दिले. वजन वाचविण्यासाठी त्यांच्या एंजिनाचे खोके व झाकणे पातळ ओतीव ॲल्युमिनियमची केलेली होती आणि ती ६ मिमी. व्यासाच्या अनेक लहान बोल्टांनी जोडलेली होती. पोलादाचा बोल्ट व ॲल्युमिनियमचे आटे या जोडीत आधी हरतात ते आटे. बोल्ट काही रुपयांत नवा मिळतो. मात्र आटे गेले तर तो भाग पुन्हा आटे पाडून, आत पोलादी नळी किंवा तारेची वेटोळी बसवून दुरुस्त करावा लागतो व तेही न जमल्यास खोकेच बदलावे लागते.

येथे हाताचे कौशल्य कमी पडले असे म्हणणे न्याय्य होणार नाही. तो हात ज्या धातूवर व ज्या मापाच्या नटावर घडला, ते दोन्ही बदलले होते. ६ मिमी. बोल्टासाठी लागणाऱ्या १० क्रमांकाच्या रिंग पान्यावर केंद्रापासून १२ सेंमी. अंतरावर सु. ८·५ किग्रॅ. भाराइतका जोर दिला की अपेक्षित १० न्यू. मी. परिबल पूर्ण होते. डीझेल एंजिनाचा नट आवळणाऱ्या हाताला एवढा जोर म्हणजे केवळ आरंभ वाटतो. तो नकळत त्याच्या दुप्पट जोर देतो. तेल बदलताना खालच्या बोल्टाचे आटे जाणे हा या गाड्यांचा ठराविक दोष होऊन बसला, त्याचे कारण हे आहे. पूर्वी ‘आता बस’ हा शब्द उस्तादाकडून मिळत असे. नव्या गाडीत तो सेवापुस्तिकेतील आकड्याच्या रूपाने आला. मात्र सेवापुस्तिका प्रामुख्याने विक्रेत्याच्या कार्यशाळेत राहिली आणि गाडी मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात व तिच्या आसपासच्या वस्त्यांत फिरू लागली.

त्यानंतरच्या बदलांनी मोजून आवळण्याची गरज आणखी वाढविली. चकती ब्रेकचा प्रसार झाला. १२५ घ. सेंमी.पेक्षा मोठ्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ब्रेक प्रणाली व त्याहून लहान दुचाकींना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी प्रणाली भारतात एप्रिल २०१९ पासून सर्वत्र बंधनकारक झाली. ब्रेकची पकड धरून ठेवणारे बोल्ट, तेलाच्या नळीचे पोकळ बोल्ट व चाकांच्या आसाचे नट हे चालकाच्या जिवाशी निगडित असतात. एंजिनाच्या झाकणाचा बोल्ट सैल राहिला तर तेल गळते. ब्रेकचा बोल्ट सैल राहिला तर अपघात होतो.

प्रकार : घरगुती वापराच्या दृष्टीने टॉर्क पान्यांचे चार प्रकार महत्त्वाचे आहेत.

(१) दांडीचा पाना : यात एक लवचिक दांडी वाकते व तिला समांतर असलेला, न वाकणारा काटा मोजपट्टीवर परिबल दाखवितो. हलणारे भाग जवळजवळ नसल्याने तो दीर्घकाळ टिकतो आणि काटा शून्यावर आहे की नाही हे पाहताच कळते. मात्र मोजपट्टी समोरून, सरळ रेषेत वाचता आली पाहिजे. गाडीखाली आडवे पडून ते नेहमी जमत नाही. या प्रकारास मानकाने ±६% पर्यंत त्रुटी मान्य केली आहे.

(२) टिक वाजणारा पाना : याच्या मुठीत स्प्रिंग असते. मूठ फिरवून स्प्रिंगेचा दाब, पर्यायाने परिबल, ठरविता येते. ते परिबल गाठताच आतील ठोकळा सरकतो, टिक असा आवाज होतो व हाताला झटका जाणवतो. अवघड जागीही तो वापरता येतो, म्हणून कार्यशाळांत तो लोकप्रिय आहे. आवाजानंतरही ओढत राहिल्यास परिबल वाढतच जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १० न्यू. मी.पर्यंतच्या पान्यांत ±६% व त्यापुढील पान्यांत ±४% त्रुटी मानकात ग्राह्य आहे.

(३) तबकडीचा पाना : पिळाचे मापन गोल तबकडीवर दिसते. तो तपासणीस उत्तम. परंतु महाग व धक्क्याने बिघडणारा असतो.

(४) इलेक्ट्रॉनिक पाना : धातू ताणला असता त्याचा विद्युत् रोध बदलतो, या तत्त्वावरील मापक यात बसविलेला असतो. आकडा पडद्यावर दिसतो आणि मर्यादा गाठताच आवाज होतो. त्याला विद्युत् घट लागतो; उष्णता व धूळ यांपासून त्यास जपावे लागते.

निवड : बाजारात सहज मिळणारा टॉर्क पाना बहुधा १२·७ मिमी. (अर्धा इंच) चौकोनी टोकाचा व सु. ४० ते २०० न्यू. मी. पल्ल्याचा असतो. तो मोटारगाडीच्या चाकांच्या नटांसाठी योग्य आहे. मोटारसायकलीसाठी हाच पाना घेणे ही निवडीतील सर्वांत मोठी चूक होय. जपानी धर्तीच्या मोटारसायकलींच्या सेवापुस्तिकांत, वेगळी सूचना नसल्यास, बोल्टांची सर्वसाधारण मूल्ये पुढीलप्रमाणे आढळतात : ५ मिमी. व्यासास ५ न्यू. मी., ६ मिमी.स १०, ८ मिमी.स २२, १० मिमी.स ३४ व १२ मिमी.स ५४ न्यू. मी. १० मिमी. आट्यांच्या स्पार्क प्लगास १० ते १२ न्यू. मी., १२ मिमी. आट्यांच्या प्लगास १५ ते २० न्यू. मी. आणि तेल काढण्याच्या बोल्टास बहुधा २५ ते ३० न्यू. मी. लागतात. ५० न्यू. मी.च्या वर जाणारे नट थोडे असून त्यांत मागच्या चाकाच्या आसाचा नट प्रमुख आहे. अर्थात प्रत्येक गाडीसाठी तिच्या सेवापुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा.

टॉर्क पान्याची अचूकता त्याच्या कमाल क्षमतेच्या २०% ते १००% या पल्ल्यातच गृहीत धरलेली असते. २०० न्यू. मी.चा पाना ४० न्यू. मी.च्या खाली भरवशाचा नसतो, आणि मोटारसायकलीवरील बहुतेक बोल्ट तर त्याच्या खालीच येतात. ज्या बोल्टांचे आटे सर्वांत नाजूक, त्यांच्यासाठीच तो निरुपयोगी ठरतो; शिवाय त्याच्या लांब मुठीमुळे टिक आवाज हातास जाणवण्याच्या आत आटे गेलेले असतात. म्हणून घरगुती देखभालीसाठी दोन पाने असणे इष्ट होय : एक ६·३५ मिमी. (पाव इंच) टोकाचा, सु. ५ ते २५ न्यू. मी. पल्ल्याचा, व दुसरा ९·५ मिमी. किंवा १२·७ मिमी. टोकाचा, सु. २० ते १०० न्यू. मी. पल्ल्याचा. एकच घेणे शक्य असेल, तर लहान पाना आधी घ्यावा. मागच्या आसाचा नट मोठा व पोलादाचा असल्याने तो अनुभवी हाताच्या अंदाजाला काही प्रमाणात क्षमा करतो. सुरक्षेसाठी त्याची खिळ किंवा स्वयंबंध नटही असतो. ६ मिमी.चा बोल्ट क्षमा करीत नाही.

निवडताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. मोजपट्टीवर न्यू. मी.चे आकडे ठळक असावेत. केवळ पौंड-फूट दाखविणाऱ्या पान्यामुळे रूपांतराच्या चुका होतात. १० पौंड-फूट हे १० न्यू. मी. समजून आवळल्यास ३६% अधिक परिबल पडते. पान्यासोबत त्याचा क्रमांक असलेले अंशांकन प्रमाणपत्र असावे. मूठ निश्चित जागी अडकणारी असावी. साखळीच्या बाजूच्या चाकात किंवा हँडलाजवळ हात जाण्यासाठी डोके लहान असावे. वापर वर्षातून चार-सहा वेळांचाच असेल, तर दांडीचा पाना गैरसोयीचा असूनही अधिक विश्वासू ठरतो, कारण त्यात थकणारी स्प्रिंग नाही. अंशांकन नसलेला स्वस्त टिक पाना मात्र साध्या पान्याहूनही घातक आहे. साधा पाना हातात असताना माणूस सावध असतो, तर चुकीचा टिक ऐकून तो निर्धास्त होतो.

टॉर्क पाना नसतानाही परिबल मोजता येते. बाजारात धान्य किंवा सामान तोलण्यासाठी वापरला जाणारा स्प्रिंगेचा काटा रिंग पान्याला, बोल्टाच्या केंद्रापासून मोजलेल्या अंतरावर अडकवून पान्याशी काटकोनात ओढावा. २० सेंमी. अंतरावर ५ किग्रॅ. दिसले की १ किग्रॅ.-मीटर, म्हणजे जवळजवळ १० न्यू. मी. परिबल लागलेले असते. ही रीत धिमी असली, तरी तिच्या मुळाशी दांडीच्या पान्याइतकेच शुद्ध तत्त्व आहे. शिकाऊ कारागिराने काही बोल्ट या रीतीने आवळून पाहिल्यास १० न्यू. मी. म्हणजे हाताला किती, हे त्यास प्रथमच नेमके कळते.

वापर व निगा : आवळण्यापूर्वी आटे स्वच्छ करणे हे सर्वांत महत्त्वाचे. लातूर परिसरातील काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात गाडीच्या खालच्या भागात घट्ट बसतो व वाळल्यावर आट्यांत शिरतो. अशा आट्यांत परिबलाचा आकडा पूर्ण होतो, पण बोल्टात पुरेसा ताण उत्पन्न होत नाही. उलट, पुस्तिकेत कोरडे आटे अपेक्षित असता तेल लावल्यास ताण प्रमाणाबाहेर वाढतो. ८ मिमी.च्या पोलादी बोल्टाचे उदाहरण घेता, २२ न्यू. मी. परिबलाने कोरड्या आट्यांत सु. १३,७५० न्यूटन ताण येतो. तेच आटे तेलकट असल्यास तो सु. १८,३०० न्यूटनपर्यंत, म्हणजे एक तृतीयांशाने अधिक होतो. ८·८ वर्गाच्या अशा बोल्टाची कायमचा न लांबता ताण सोसण्याची मर्यादा सु. २१,२०० न्यूटन आहे. पोलादी बोल्ट हे सोसेल. त्याला धरून ठेवणारे ॲल्युमिनियम सोसेलच असे नाही. आटे कोरडे ठेवावेत की तेलकट, हे म्हणूनच पुस्तिकेत पाहून ठरवावे.

बोल्ट प्रथम हाताने काही आटे फिरवून सरळ बसल्याची खात्री करावी. अनेक बोल्टांचे झाकण समोरासमोरील बोल्ट आळीपाळीने घेऊन दोन किंवा तीन टप्प्यांत आवळावे. पाना मुठीच्या मध्यावर धरून सावकाश ओढावा. झटका देऊ नये. पहिला टिक ऐकताच थांबावे. गोटीला सरळ उभी जोडदांडी लावल्याने आकडा बदलत नाही. परंतु पान्याची लांबी वाढविणारा जोड त्याच रेषेत लावल्यास बोल्टावर दर्शविल्यापेक्षा जास्त परिबल पडते. तेव्हा अपेक्षित परिबलास पान्याच्या मूळ लांबीने गुणून एकूण लांबीने भागावे व येणारा आकडा पान्यावर लावावा. पान्यात पाइप घालण्याची सवय येथे सर्वथा वर्ज्य होय.

टॉर्क पान्याने गंजलेले नट सोडवू नयेत. त्या कामी साधा लांब पाना वापरावा. काम संपल्यावर टिक पाना मोजपट्टीवरील सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, त्याखाली नेऊ नये. तो उंचावरून पडल्यास पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, अंशांकन तपासावे असा संकेत आहे. औद्योगिक शहरांतील अंशांकन प्रयोगशाळांत ही सोय असते. घरी ढोबळ तपासणी करावयाची असल्यास पान्याचे चौकोनी टोक शेगड्यात घट्ट धरून पाना आडवा ठेवावा आणि केंद्रापासून ४० सेंमी. अंतरावर ५ किग्रॅ. वजन टांगावे, पान्याच्या स्वतःच्या वजनाचे अल्प परिबल वगळता ते २ किग्रॅ.-मीटर, म्हणजे सु. १९·६ न्यू. मी. भरते. पाना या आकड्याच्या आसपास टिक वाजवीत नसल्यास तो दुरुस्तीस द्यावा.

मर्यादा : टॉर्क पाना परिबल मोजतो, ताण मोजत नाही. घर्षणातील फरकामुळे उत्तम टॉर्क पान्याने आवळलेल्या बोल्टांच्या ताणातही सु. ±२५% तफावत पडू शकते. केवळ हाताच्या अंदाजाने ती सु. ±३५% असते. या दोन आकड्यांतील अंतर पाहून टॉर्क पान्याचा फारसा उपयोग नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दुसरा आकडा सरावलेल्या हाताचा आहे. नवख्या हाताच्या चुकीला अशी सीमा नसते. शिवाय झिजलेले आटे, लांबलेला बोल्ट किंवा वाकडा बसलेला वॉशर यांची सूचना कोणताही पाना देत नाही. आवळताना परिबल वाढायचे थांबून बोल्ट मऊ लागू लागला, की आटे जात आहेत हे ओळखणारा अनुभवी हातच असतो. काही आधुनिक एंजिनांत म्हणूनच परिबलाबरोबर बोल्ट किती अंशांतून फिरवावा हेही सांगितलेले असते.

मोटारसायकल हे ग्रामीण कुटुंबाचे अनेकदा एकमेव वाहन असते. शेत, बाजार, शाळा व दवाखाना तिच्यावर अवलंबून असल्याने ती एका बोल्टापायी आठवडाभर उभी राहणे हे त्या कुटुंबाचे प्रत्यक्ष नुकसान होय. तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावांतील मिस्त्रींनी डीझेल एंजिनापासून इंधन अंतःक्षेपणाच्या मोटारसायकलीपर्यंतचा प्रवास बहुतांशी स्वतःच्या निरीक्षणाने केला आहे. टॉर्क पाना त्यांच्या कौशल्याचा अधिक्षेप करीत नाही. धातू बदलल्यामुळे जुन्या हाताला जे नवे माप शिकावे लागते, ते शिकविण्याचे तो साधन आहे. उस्तादाचा ‘आता बस’ हा शब्द त्याच्या हयातीपुरता व त्याच्या शिष्यांपुरता असे. टॉर्क पान्याने तो शब्द कोणाही शिकणाऱ्याच्या हाती दिला.